उत्तरपक्ष उद्या

“आधी माझी बाजू मांड. मग पाय काप,” सर म्हणाले.

गुरुवारची सकाळ होती, अकराचा सुमार. कऱ्हाडातल्या एका खाजगी दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावरची खोली. सरांचा डावा पाय चादरीबाहेर उशीवर ठेवलेला, बोटांपासून पोटरीपर्यंत बँडेज. खोलीत फिनेलचा वास होता आणि त्याच्या खाली आणखी एक वास होता, त्याचं नाव कुणी घेत नव्हतं. काकूंनी सकाळी उदबत्ती लावायला घेतली तर सिस्टरनं हातातली काडेपेटीच काढून घेतली. तेव्हापासून काकू बाहेरच्या बाकावर बसून होत्या, मला आत पाठवून.

मी खुर्ची ओढून बसले, पदर खोचला. हो, पदर खोचला. भांडायला बसताना मी तो खोचायचे, आणि सर त्यावर दरवेळी हसायचे. त्या दिवशीही हसले.

हे सर म्हणजे प्राध्यापक त्र्यंबक रेठरेकर. आमच्या कॉलेजात तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवत होते, निवृत्तीला वर्ष राहिलेलं. पोरं त्यांना मागे ‘चिनी सर’ म्हणायची. तरुणपणी पुण्याच्या फुटपाथवर त्यांना ताओ विचारावरचं एक जुनं इंग्रजी पुस्तक सापडलं, आणि माणूस जो त्यात पडला तो वर आलाच नाही. काकू म्हणायच्या, माझी सवत चीनची आहे, बरं झालं, लांब आहे. त्यांना मूलबाळ नव्हतं. ताओ होता, काकू होत्या आणि नंतर मी होते.

मी वैजयंता पाटणकर. तेव्हा एकोणतीस वर्षांची, त्याच कॉलेजात तासाप्रमाणे शिकवणारी, सरांच्या हाताखाली पीएच. डी. करणारी. विषय त्यांनी आणि मी भांडून ठरवला होता: ताओ विचारातला ‘स्व’ आणि अस्तित्ववादातला ‘स्व’. ताओ त्यांचा, अस्तित्ववाद माझा. त्यांना चिनी येत नव्हतं, मला फ्रेंच की जर्मन काही येत नव्हतं. दोघंही उसन्या भाषेवर तावातावानं भांडायचो.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ‘मी’ हे आपण उगाच घट्ट धरून बसलेलं काहीतरी आहे, मूठ सोडली की माणूस मोकळा. माझं म्हणणं असं, की ‘मी’ आधी नसतोच, तो आपण एकेका निवडीनं घडवतो, आणि निवड टाळायची सोय कुणालाच नाही. सर म्हणायचे, तुझा माणूस सदा कपाळाला आठ्या घालून उभा. मी म्हणायचे, तुमचा माणूस उभाच नाही, वाहत चाललाय. असं पाच वर्षं चाललं होतं. माझ्या आयुष्यातली तीच चांगली वर्षं होती, हे आता सांगायला हरकत नाही.

आमच्या भांडणाला एक रीत होती आणि ती सरांनी घालून दिलेली. जुन्या पंडितांसारखं आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष. म्हणजे समोरच्याला खोडून काढण्याआधी त्याचीच बाजू तुम्ही मांडायची, आणि तीही ‘ते म्हणतात’ असं नाही, ‘मी म्हणतो’ असं. समोरच्यानं “हेच माझं म्हणणं” असं कबूल केलं, की मगच तुम्हाला तोंड उघडायची परवानगी. त्यासाठी एक लांबट वही होती, वादवही. डाव्या पानावर पूर्वपक्ष, उजव्या पानावर उत्तरपक्ष. हरणाऱ्यानं उजव्या पानाच्या तळाशी ‘मान्य’ लिहून सही करायची, तारीख आणि वेळसुद्धा घालायची. तेवीस वाद झाले होते. अठरा मी हरले होते, पाच सर. ‘मान्य’ लिहायची वेळ आली की त्यांचा चष्मा सापडायचा नाही, पेनातली शाई संपायची, चहा प्यावासा वाटायचा. पण शेवटी लिहायचे, आणि लिहिलं की चेहरा असा व्हायचा जसा पाहुणे गेल्यावर यजमानाचा होतो.

आणखी एक नियम होता. कच्चा उत्तरपक्ष आणायचा नाही. “अर्धं शिजलेलं माझ्या ताटात वाढायचं नाही,” असं ते म्हणायचे. एकदा मी घाईघाईनं काहीतरी बोलून गेले तर वही मिटून त्यांनी मला महिनाभर परत पाठवलं होतं. मी त्या महिन्यात रडले होते, पण परत गेले ते पक्कं करूनच.

आता पायाचं सांगते. सरांना साखर होती, दहा-बारा वर्षांपासूनची. गणपतीच्या सुमारास नवी चप्पल करंगळीला चावली. साखरेच्या माणसाच्या पायाला दुखणं कळत नाही. काकूंना पंधरा दिवसांनी मोजा ओला दिसला तेव्हा कळलं. डॉक्टरकडे चला म्हटलं तर सर म्हणाले, गढूळ पाणी ढवळलं की आणखी गढूळ होतं, राहू दे, आपोआप निवळेल. काकू हळद लावत राहिल्या, सर निवळायची वाट बघत राहिले. दिवाळीनंतर करंगळी काळी पडली, मग शेजारचं बोट. दवाखान्यात आणलं ते तापानं फणफणलेलं. डॉक्टर मुजावर भला माणूस, सरांचाच जुना विद्यार्थी, अकरावीला सायन्सला असूनही हौसेनं त्यांच्या तर्कशास्त्राच्या तासाला बसलेला. त्यानं सोमवारीच सांगितलं, की विष वर चढतंय, पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, सही द्या.

सरांनी सही दिली नाही. काकूंना, डॉक्टरला, बघायला आलेल्या प्राचार्यांना, सगळ्यांना शांतपणे एकच सांगितलं, की जे होतंय ते होऊ द्यावं, मी आड येणार नाही. तीस वर्षं फळ्यावर जे लिहिलं ते आता पुसणार नाही. प्राचार्य बाहेर येऊन म्हणाले, केवढा स्थितप्रज्ञ माणूस. काकूंनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ते चहा न घेताच गेले.

मंगळवार गेला, बुधवार गेला. सुंभ जळला तरी पीळ जळेना. डॉक्टर रोज सकाळी “आजच” म्हणायचा आणि आज निघून जायचा. मग बुधवारी संध्याकाळी सर आपणहून काकूंना म्हणाले, वैजयंताला सांग, उद्या वही घेऊन ये. चोविसावा वाद.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मला वाटलं, आता जिंकायचंच. या एका वेळेला जिंकायचं.

गुरुवारी जिना चढून आले तर मुजावर व्हरांड्यातच भेटला. मला म्हणाला, “ताई, संध्याकाळी टेबल मोकळं ठेवलंय. सात वाजेपर्यंत सही आली तर आज घेतो. उद्याचं मी सांगू शकत नाही.” मी मान हलवली. मनात म्हटलं, चार दिवस हा हेच म्हणतोय.

काकूंनी हाताला धरून बाकावर बसवलं. त्या चौथी शिकलेल्या, रेठऱ्याच्याच, आवाज नेहमी चढा. पण त्या दिवशी अगदी हळू बोलल्या. “तुझं ते ज्ञान आज जरा बाजूला ठेव गं. त्यांना एवढंच म्हण, सर, माझ्यासाठी करा. म्हण, मला तुम्ही हवे आहात. तुझं ऐकतील. माझं नाही ऐकायचे, बायकोचं ऐकलं तर ते कसले पुरुष.” आणि डोळ्याला पदर लावला.

मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. आणि मनात काय आलं ते लाज सोडून सांगते. मनात आलं, काकू भाबड्या आहेत. आमच्यात असं रडगाणं चालत नाही. असं काही मी बोलले तर सर वही मिटतील आणि म्हणतील, हा वाद नाही, ही विनवणी आहे. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात ना, तसं झालं होतं. पण कळसा माझ्या काखेत आहे हे कळायला मला बराच वळसा पडायचा होता.

तर आत गेले, बसले, पदर खोचला. सरांनी वही मांडीवर घेतली, डावं पान उघडलं. पेनाचं टोपण काढलं. मी त्यांच्या जागी जाऊन बोलायला लागले.

“मी म्हणतो, ‘मी’ म्हणून काही वस्तू नाही. दोरीला गाठ मारली की आपण त्या गाठीला नाव देतो, तिचं बारसं करतो आणि ती सुटेल म्हणून जन्मभर घाबरतो. गाठ सुटली तर दोरीतलं काय कमी झालं? एक सूतही नाही. मी मुलांना आयुष्यभर सांगत आलो, की जे आपोआप होतंय त्याच्या आड येऊ नका. कोयना कृष्णेला मिळते तेव्हा कुणाची सही घेत नाही. आता माझ्याच पायात काहीतरी आपोआप होतंय. ते मला आवडत नाही म्हणून मी करवत मागवू? मग इतकी वर्षं जे बोललो ते फक्त धडधाकट माणसाचं बोलणं होतं, असं होईल. मला मरायचं नाही. मला जगणं मुठीत धरायचं नाही, एवढंच. या दोन्हींत फरक आहे, आणि तेवढ्या फरकावर मी उभा आहे.”

सर लिहिता लिहिता थांबले होते. डोळे मिटलेले. बाहेर ट्रॉली ढकलल्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, “हेच माझं म्हणणं. मलाही इतकं नीट कधी मांडता आलं नाही.”

पाच वर्षांत असं ते कधी म्हणाले नव्हते. देवाशप्पथ सांगते, त्या क्षणी मी पाय विसरले. मी फक्त एवढंच ऐकलं, की सरांपेक्षा मी चांगलं मांडलं.

“हं,” ते म्हणाले आणि उजव्या पानावरून तळहात फिरवला. “आता तुझं.”

मी घरून उत्तर आणलं होतं. तीन-चार वाक्यंच होती. सही न करणं हीसुद्धा सहीच आहे. वाहून जाणं हीदेखील तुम्हीच केलेली निवड आहे, नदीवर ढकलू नका. घरी ती वाक्यं मला धारदार वाटली होती. आता, एवढा सुरेख पूर्वपक्ष मांडून झाल्यावर, ती पोरकट वाटायला लागली. या माणसाला मी हे सांगणार? ते एका वाक्यात उडवतील.

“सर, उद्या आणते,” मी म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले. “आत्ताच बोल की. जमेल तसं.”

मी हसले. म्हटलं, “कच्चं आणायचं नाही. तुमचाच नियम.”

त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग खिडकीकडे बघत विचारलं, “किती वाजता येशील?”

“आठला.”

“सकाळी?”

“सकाळी.”

“संध्याकाळपर्यंत नाही व्हायचं?”

“संध्याकाळपर्यंत नीट होणार नाही, सर. हा वाद महत्त्वाचा आहे.”

“हो,” ते म्हणाले. “तो आहेच.”

वही त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतली. मी पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, गरम होता हात, आणि मी निघाले. दाराबाहेर काकू उठून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, काळजी करू नका काकू, उद्या सही घेतेच. जिना उतरताना पायरी पायरीला मुद्दे सुचत होते. खाली पोचेपर्यंत मला पहिलं वाक्य सापडलंसुद्धा.

माझी खोली सोमवार पेठेत होती, दवाखान्यापासून चालत पंधरा मिनिटांवर. जेवले नाही. दार लावून बसले आणि लिहायला लागले. असं लिहिणं त्याआधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही कधी झालं नाही. एकेक कडी लागत गेली. ताओ म्हणतो, धरून ठेवण्याजोगा ‘मी’ नाही, म्हणून सोडा. अस्तित्ववाद म्हणतो, धरून ठेवण्याजोगा ‘मी’ नाही, म्हणून घडवा. दोघं एकाच रिकाम्या घराच्या दारात उभे आहेत; एक म्हणतो, रिकामं आहे तर झोपू, दुसरा म्हणतो, रिकामं आहे तर चूल मांडू. मग मी दाखवलं, की सोडणं हेसुद्धा कुणीतरी करावं लागतं, आणि तो सोडणारा लपून बसलेला निवडणारा आहे. एक एक करून मी सरांच्या सगळ्या वाटा बंद केल्या. दोरीची गाठ घेतली, नदी घेतली, गढूळ पाणी घेतलं, काही शिल्लक ठेवलं नाही.

दहा पानं झाली. घड्याळात पाहिलं तर चारला दहा कमी होते.

इथे मी दरवेळी थांबते. चारला दहा कमी. चालत पंधरा मिनिटं. सात वाजेपर्यंत टेबल मोकळं. हे मला तेव्हाही माहीत होतं, काही लपलेलं नव्हतं. पण खाडाखोड बरीच झाली होती. समासात बाण, ओळींच्या मध्ये ओळी. वाटलं, सरांना असं वाचून दाखवताना अडखळायला होईल. उजव्या पानावर उतरवायचं तर सुवाच्य हवं. म्हणून मी स्टोव्हवर चहा केला, कोरे कागद घेतले आणि पक्की प्रत करायला बसले. अक्षर अगदी मोत्यासारखं काढलं. साडेसहा वाजले. समाधानानं भाकरी-भाजी खाल्ली आणि लवकर झोपले.

सकाळी पावणेआठला दवाखान्यात पोचले. खोलीत पलंग रिकामा होता. सिस्टर चादरी गोळा करत होती. म्हणाली, पहाटे थंडी भरून आली, बीपी खाली गेलं, खाली अतिदक्षता विभागात नेलंय. मुजावर जिन्यात दिसला. डोळे लाल. मला बघून त्यानं मान खाली घातली, आणि तेवढ्यानं सगळं कळलं.

खाली काचेतून मी त्यांना पाहिलं. तोंडात नळी होती. माझ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत दहा पानं. शुक्रवार गेला. शनिवारी दुपारी दोन वाजता सर गेले. पाय शेवटपर्यंत जागेवर होता.

प्रीतिसंगमावर अग्नी दिला. कृष्णा कोयना तिथं मिळतात आणि कुणाची सही घेत नाहीत, हे माझंच वाक्य मला तिथं आठवलं आणि मी तोंडात पदराचा बोळा कोंबून रडले. लोकांना वाटलं, गुरूवर किती माया. बाया म्हणाल्या, पोटच्या लेकीसारखी.

तरीसुद्धा, खरं सांगते, तेव्हा मला पूर्ण कळलं नव्हतं. मी समजत होते, की सर हट्टानं गेले. मी वेळेवर पोचले असते तर कदाचित पटलं असतं, कदाचित नसतं. अठरा वेळा हरवणारा माणूस, एकोणिसाव्यांदाही त्यानं हरवलं असतं. या ‘कदाचित’वर मी वर्ष काढलं. माणूस ‘कदाचित’वर बरंच जगतो.

त्या वर्षात प्रबंध पुरा केला. कोल्हापूरच्या एका प्राध्यापकांनी मार्गदर्शक म्हणून नाव द्यायचं कबूल केलं. शेवटचं प्रकरण तयारच होतं. दहा पानांची तीस पानं केली, पायाचा उल्लेख गाळला, तळटीपा घातल्या. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक म्हातारे होते, कडक म्हणून प्रसिद्ध. ते म्हणाले, बाकीचा प्रबंध चांगला आहे, पण शेवटचं प्रकरण चांगलं नाही, ते जिवंत आहे. हे कुणाशी तरी भांडताना लिहिलंय. सगळे हसले. मीही हसले. मला डॉक्टरेट मिळाली, त्यावर कायमची नोकरी मिळाली, आणि त्या नोकरीवर मी जवळजवळ तीस वर्षं काढली. सरांचीच जागा होती ती.

पेढे घेऊन काकूंकडे गेले. काकू वर्षभरात वाळल्या होत्या. पेढा देवापुढे ठेवला, सरांच्या फोटोपुढे ठेवला. मग आठवल्यासारखं करून आत गेल्या आणि कपाटातून एक कापडी पिशवी आणली. दवाखान्यातून परत आलेली, तशीच गाठ मारलेली. त्यात सरांचा चष्मा, गोळ्यांची पाकिटं, एक पंचा आणि वादवही.

“मला काय कळतंय त्यातलं,” काकू म्हणाल्या. “तुमचीच आहे, तू बघ.”

वही उघडली. डाव्या पानावर माझा पूर्वपक्ष. सुरुवात थरथरत्या अक्षरात, मध्येच सोडलेली. मी गेल्यावर आठवून आठवून पुरा केलेला. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता.

उजव्या पानावर वर मथळा: उत्तरपक्ष, वैजयंता. खाली काही नाही. ओळीच्या ओळी कोऱ्या, पार तळापर्यंत. आणि तळाशी, जिथं हरणारा लिहितो तिथं, एक शब्द. मान्य. त्याखाली सही, त्र्यं. वि. रेठरेकर. गुरुवारची तारीख. वेळ: दुपारी चार.

मी वही धरून बसून राहिले. काकू बोलत होत्या, कुणी विचारलं नसताना, म्हातारी माणसं बोलतात तशा. म्हणाल्या, त्या दिवशी तू गेलीस आणि तासाभरानं मला आत बोलावून म्हणाले, सिस्टरला सांग, तो सहीचा कागद इथं आणून ठेव. मला काय आनंद झाला गं. कागद आला, पेन आलं. मी म्हटलं, करा की मग सही. तर म्हणाले, येऊ दे तिला. आधी तिचं ऐकलं पाहिजे, तिचा मान आहे. मी म्हटलं, ती उद्या येणार म्हणाली ना. तर म्हणाले, नाही, बघ तू, संध्याकाळी येईलच, तिला राहवायचं नाही. मला खिडकीशी बसवलं, रस्त्यावर बघ म्हणून. दर पाच मिनिटांनी विचारायचे, दिसली का. मी म्हटलं, कुणाला तरी पाठवते, बोलावून आणतील. तर हात धरला माझा. म्हणाले, नको, पक्कं करत असेल, मीच शिकवलंय तिला. सात वाजता मुजावर डॉक्टर येऊन उभे राहिले. हे म्हणाले, सकाळी आठला नक्की.

तीस वर्षं ज्यांनी सोडून द्या म्हणून शिकवलं, त्यांना जगायचं होतं. मात्र सगळ्यांसमोर एकदा ‘नाही’ म्हणून झालं होतं, आणि थुंकलेलं परत गिळता येत नाही. हरून परत यायला त्यांना एकच दार ठाऊक होतं. माझ्याकडून हरायचं होतं त्यांना. मी खुर्चीत बसून “सर, मला तुम्ही हवे आहात” एवढं बोलले असते तरी चाललं असतं. काही न बोलता नुसती परत आले असते तरी चाललं असतं. माझ्या त्या दहा पानांत सगळं होतं, ‘मी’ होता, नदी होती, रिकामं घर होतं. त्यांचं नाव मात्र एकदाही नव्हतं.

आता मी सरांच्या त्या वेळच्या वयाची आहे. वर्गात इतकी वर्षं मुलांना सांगत आले, की माणूस म्हणजे त्यानं केलेली निवड. सांगताना कधी आवाज कापला नाही. चारला दहा कमी असताना मी चहा केला आणि कोरे कागद घेतले. ती माझी निवड. त्यावरून मी कोण, ते ज्यानं त्यानं ठरवावं. मी कधीच ठरवलंय.

काकूंचं बोलून झालं तेव्हा त्यांनी माझ्या हातातल्या वहीकडे बोट केलं. “काय लिहिलंय गं शेवटाला? मला वाचता येतं, पण त्यांचं अक्षर लागत नाही.”

त्यांना सांगून काय देणार होते मी? वर्षभर त्या समजत होत्या, की नवऱ्यानं उद्यावर ढकललं, नशिबात नव्हतं. नशिबाशी त्यांचं कसंबसं जमलं होतं.

“काही नाही, काकू,” मी म्हणाले. “कोरं आहे.”

“मग ने की,” काकू म्हणाल्या. “पानं फुकट कशाला घालवायची? तुला लिहायला होतील.”

मी वही पिशवीत घातली. काकूंनी वाटीत पेढा आणि वर चिमूटभर चिवडा दिला, तो खाल्ला, आणि घरी आले.